कालव्यांच्या शहरातील गोदी कामगार

स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा आमच्या मनात बरेच दिवस घोळत असलेला एक विषय पुढे आला. विषय परमुलखातला आहे. युरोपातील हॉलंड देशातल्या अ‍ॅम्स्टरडॅम शहरातली ही अर्ध्या तासाची पायवाट. आम्ही ते शहर डोळ्यांनी पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले आणि नकाशावर बोट फिरवून जे समजले, तेवढ्यावर ही वाट आम्ही चाललो. वाचकांनी आमच्याबरोबर चालावे.

अ‍ॅम्स्टेल नदीवर बांध घातला, त्या बांधावरून शहराचे नाव पडले. जमीन दलदलीची. म्हणून लाकडाचे खांब ठोकून त्यावर इमारती उभ्या केल्या. तिथल्या एका राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत! सतराव्या शतकात श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी मोठे कालवे खणले गेले, आणि २०१० साली ते जागतिक वारसा ठरले. प्रवासी तेच पाहायला जातात. आम्हाला जायचे आहे ते गरिबांच्या वस्तीत.

वॉटरलूप्लेन नावाच्या चौकातून निघू. इथे पूर्वी दोन कालवे होते, १८८२ साली ते बुजवले आणि त्या जागी बाजार भरू लागला. जुनी भांडी, कपडे, मोडके सामान विकणारे ज्यू फेरीवाले इथे बसत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून स्पेन-पोर्तुगालमधून धर्मछळामुळे पळालेले ज्यू या शहरात आले, मागाहून जर्मनी-पोलंडकडचे आले. शहराने त्यांना राहू दिले खरे, पण बहुतेक धंद्यांच्या संघात त्यांना मज्जाव होता. जो धंदा संघाच्या ताब्यात नाही तो करायचा. हिरे घासणे, छपाई, तंबाखू, फेरी. कोणी कोणते काम करावे हे जन्मावरून ठरवण्याची ही रीत आपल्याला काय नवी सांगायची! १७९६ साली कायद्याने त्यांना समान नागरिकत्व मिळाले. पुढे १८९४ साली हिरे कामगारांनी देशातली एक बलाढ्य युनियन उभारली. तिचा पुढारी हेन्री पोलाक हा स्वतः हिरे घासणारा ज्यू कामगार होता.

बाजारातून पूर्वेला दोन-चार मिनिटे चालले की योनास डॅनिएल मेयर याच्या नावाचा चौक लागतो. हा मेयर हॉलंडमधला पहिला ज्यू वकील. एका बाजूला १६७५ साली बांधून झालेले पोर्तुगीज ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. त्यात आजही विजेचे दिवे नाहीत, मेणबत्त्या लावतात. आणि चौकात उभा आहे तो आमचा माणूस. ब्राँझचा, धिप्पाड, मान ताठ, हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले. त्याच्या हातात ना तलवार, ना झेंडा. त्याला ‘डोकवर्कर’ म्हणजे गोदी कामगार म्हणतात. मारी आंद्रीसेन या शिल्पकाराने तो घडवला आणि १९५२ साली राणी युलियाना हिच्या हस्ते अनावरण झाले. राजेरजवाड्यांच्या देशात राणीने कामगाराच्या पुतळ्याचे अनावरण करावे, ते का?

मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजांनी हॉलंड घेतले. त्यानंतर ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणे, नोंदी करणे असे एकेक सुरू झाले. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथले नाझी गुंड ज्यू वस्तीत शिरून मारहाण करू लागले, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी आणि शेजारच्या कामगारांनी त्यांना चोप दिला. त्यात एक गुंड मेला. मग २२ आणि २३ फेब्रुवारीला जर्मन पोलिसांनी वस्तीला वेढा घातला आणि चारशेहून अधिक ज्यू तरुण पकडून याच चौकात उकिडवे बसवले. पहिल्या ज्यू वकिलाच्या नावाच्या चौकात, विनाखटला! त्यांना छळछावण्यांत धाडले, आणि धाडलेल्यांपैकी दोघेच जगले.

हे सारे बाजाराच्या दिवशी लोकांच्या डोळ्यांदेखत झाले. २४ तारखेला संध्याकाळी नूर्डरमार्क्ट या दुसऱ्या बाजारात उघड्यावर सभा भरली. बोलावणारे दोघे बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे. विलेम क्रान हा रस्त्याची फरसबंदी करणारा, आणि पीट नाक हा नगरपालिकेचा सफाई कामगार, म्हणजे झाडूवाला. हे नाव वाचून आम्ही क्षणभर थबकलो. भीमा कोरेगावच्या स्तंभावरच्या नावांच्या शेवटी जे ‘नाक’ येते ते डोळ्यांपुढे आले. अर्थात दोहोंचा काडीचा संबंध नाही, पण आमचे मन तिकडे गेले ते गेले. या दोघांनी सांगितले, उद्या काम बंद.

२५ फेब्रुवारीला पहाटे ट्राम डेपोतून बाहेर आल्या नाहीत. गिरणगावात ज्यांनी दिवस काढले त्यांना हे समजावून सांगायला नको. गाडी बंद पडली की सगळ्या शहराला कळते. पलीकडच्या तीरावरचे जहाजबांधणी कारखाने थांबले, मग इतर कारखाने, कचेऱ्या, दुकाने. संप जवळच्या शहरांतही पसरला. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी गोळ्या झाडल्या, नऊ माणसे मेली, आणि संप मोडला. अ‍ॅम्स्टरडॅम शहराला दीड कोटी गिल्डरचा दंड झाला. तीन संपवाल्यांना मार्चमध्ये गोळ्या घातल्या, क्रानला १९४२ साली. नाकचे हाल हाल केले, पण तो जगला.

आमच्या वडिलांनी १९८२ चा संप पाहिला. घरातली भांडी विकताना आम्ही आईला पाहिले आहे. संपाची किंमत काय असते ते ठाऊक आहे. तो संप पगाराचा, बोनसचा, हक्काचा होता आणि रास्तच होता. अ‍ॅम्स्टरडॅमच्या कामगारांच्याही स्वतःच्या तक्रारी होत्या, जर्मनीत सक्तीने कामाला नेण्याची भीती होती. तरी पत्रकात मागणी छापली होती ती ज्यूंचा छळ थांबवा आणि धरलेल्यांना सोडा, अशी. दुसऱ्याच्या वस्तीवर वेढा पडला म्हणून आपली हजेरी बुडवणारे किती निघतात? आपल्याकडे एखाद्या गावात दलित वस्ती जाळली गेली तेव्हा कोणत्या कारखान्याचा भोंगा वाजायचा राहिला? आमच्या आठवणीत तरी नाही. हा प्रश्न आम्ही आमच्याच युनियनच्या सभेत एकदा विचारला होता. पुढाऱ्यांनी ‘पुढचा विषय’ म्हटले.

दरवर्षी २५ फेब्रुवारीला लोक रांगेने या पुतळ्यापुढून जातात आणि फुले ठेवतात. मात्र शीतयुद्धाच्या वर्षांत तिथेही फाटाफूट झाली, कम्युनिस्टांचे स्मरण वेगळे आणि इतरांचे वेगळे. जयंतीच्या दोन-दोन मिरवणुका आपणच काढतो असे वाटत होते, ते खरे नाही!

चौकातून पुढे पूल ओलांडला की वीसपट्ट्यांसारखा मोठा रस्ता येतो, वेस्परस्ट्रात. त्याच्या कडेला २०२१ साली विटांच्या भिंती उभारल्या. एका माणसाची एक वीट, तिच्यावर नाव, जन्मतारीख आणि वय. अशा १,०२,००० वर विटा. युद्धापूर्वी देशात सुमारे १,४०,००० ज्यू होते, यावरून हिशेब करावा. जवळच नवीन कैझर कालव्याच्या काठाला ‘सावलीचा काठ’ म्हणतात. समोरच्या घरांत राहून मारल्या गेलेल्यांची नावे घरापुढच्या काठावर धातूच्या पट्ट्यांवर लिहिली आहेत. कालव्याच्या पाण्यात घर दिसते आणि पायाशी घरातल्या माणसांची नावे.

आणखी पाच-सात मिनिटांवर प्लांताज भागात एक नाटकगृह होते. १९४२ पासून वस्तीतले लोक धरून तिथे कोंडत आणि तिथून छावण्यांकडे नेत. लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. दाराशी पहारा असे. पण मधून ट्राम गेली की पहारेकऱ्याच्या नजरेआड क्षणभर दार होई, तेवढ्यात बाया पोर काखोटीला मारून निसटत. टोपलीत, पिशवीत घालूनही काढली. पाळणाघराची प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल ही स्वतः ज्यू होती, तिला पुढे आउशविट्झला मारले. सुमारे सहाशे मुले वाचली.

त्या ट्रामबद्दल दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही खोटे ठरू. १९४१ च्या पहाटे ज्या ट्राम डेपोत थांबल्या, त्याच १९४२ पासून ज्यूंना रात्री स्टेशनावर पोचवत होत्या, आणि भाड्याची बिले जर्मनांना रीतसर लावली जात होती. चालवणारी माणसे बहुधा तीच.

वाटेचे शेवटचे ठिकाण जवळच, प्लांताज केर्कलान. इथे शहराच्या नागरिक नोंदणीची कचेरी होती. प्रत्येकाचे कार्ड, त्यावर धर्म. डच लोक नोंदी टापटीप ठेवत, म्हणून माणूस शोधणे सोपे झाले. आपण जातीच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालतो, तोच कागद अशा कोणाच्या हाती गेला तर काय, हा विचार आम्हाला तिथे आला. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार विलेम अरोंदेउस आणि त्याचे सोबती पोलिसांच्या वेषात आत शिरले आणि स्फोट करून आग लावली. बारा जणांना १ जुलैला गोळ्या घातल्या. सगळी कार्डे काही जळाली नाहीत. पण आग विझवायला आलेले बंबवाले मुद्दाम रेंगाळत आले, आणि मग पाणी इतके मारले की आगीतून वाचलेल्या कार्डांपैकी कितीतरी भिजून गेली.