काळ्या जमिनीतील परसबाग : लोधीखेड्याच्या अंगणात काय लावावे, कसे जपावे

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, नागपूर आणि छिंदवाडा यांच्या दरम्यान लोधीखेडा हे छोटे नगर आहे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेली सौंसर व पांढुर्णा ही दोन तहसील क्षेत्रे 2023 साली एकत्र येऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. लोधीखेडा सौंसर तहसीलात मोडते. राज्य मध्य प्रदेश असले तरी या पट्ट्यात मराठी घरोघरी बोलली जाते, आणि गावाबाहेर पडताच संत्र्यांच्या बागा लागतात. घराच्या अंगणातही एखादे संत्रे, लिंबू किंवा गोडनिंब असावे, अशी इच्छा त्यामुळे साहजिकच असते. तथापि येथील परसबागेचे यश झाडाच्या जातीपेक्षा जमिनीच्या स्वभावावर अधिक अवलंबून असते.

जमिनीचा स्वभाव

येथील भारी काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. ओलावा दीर्घकाळ धरून ठेवणे हा तिचा गुण. पाण्याचा निचरा मंद असणे हा दोष. ती बहुधा अल्कधर्मी असते आणि काही ठिकाणी तिच्यात चुनखडीचे प्रमाणही मोठे असते. गोव्यातील जांभ्या मातीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ती आम्लधर्मी असून पावसाचे पाणी झपाट्याने खाली सोडते. म्हणूनच गोव्याच्या कुंपणाला सहज बहरणारी पिटकुळी चुनखडीच्या काळ्या जमिनीत पिवळी पडते. नवी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर ते प्रायः लोहाच्या कमतरतेचे लक्षण समजावे. लोह मातीत असते, पण अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही.

झाड का मरते

विदर्भाच्या सीमेवरील या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे झाड वाळले की दोष उन्हाला दिला जातो. वस्तुतः पुष्कळ झाडांच्या मुळांना इजा होते ती श्रावण-भाद्रपदात. मातीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. पाने कोमेजतात, मालक तहान समजून आणखी पाणी घालतो आणि झाडाचा शेवट जवळ आणतो. कोमेजलेले झाड तहानलेलेच असते असे नाही, हे परसबागेतील पहिले सूत्र मानावे. पाणी देण्यापूर्वी चार बोटे खोल माती उकरून मुठीत दाबावी. गोळा चिकट राहिला तर थांबावे. बोटाने हलकेच दाबताच तो फुटला तर जमीन वाफशावर आहे असे समजावे. गोळाच होत नसेल तर पाणी द्यावे.

झाडांची निवड

भारी जमीन पेरू तुलनेने चांगली सोसतो. गोडनिंब, कण्हेर, बोगनवेल, मोगरा आणि पारिजातक ही झाडे येथील उन्हाळा निभावून नेतात, मात्र आळ्यात पाणी तुंबू देऊ नये. शेवगा, सीताफळ आणि डाळिंब यांना उंचवट्यावरच जागा द्यावी. पपईच्या बुंध्याशी एक-दोन दिवस पाणी साचले तरी झाड दगावू शकते. तिच्यासाठी गादीवाफा आवश्यक आहे. संत्र्याला बागेत सुमारे 6 मीटर अंतर दिले जाते, म्हणून लहान अंगणात एकच झाड पुरे.

संत्र्याचे कलम घेताना पाने किती टवटवीत आहेत यापेक्षा डोळा किती उंचीवर भरला आहे ते पाहावे. जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर साधारण 20 ते 25 सेंटिमीटर उंचीवर डोळा भरलेले कलम उत्तम. जोड जमिनीलगत असेल तर पावसाळ्यात फायटोफ्थोरा ही बुरशी खोडाला गाठते आणि डिंक्या रोग होतो.

लागवड

संत्र्यासाठी 75 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेण्याची पद्धत आहे. काळ्या मातीत गुळगुळीत भिंतींचा खड्डा पावसात हौदासारखा भरतो. म्हणून त्याच्या कडा खरवडून खडबडीत कराव्यात. काढलेल्या मातीत कुजलेले शेणखत व निंबोळी पेंड मिसळून खड्डा जमिनीपेक्षा उंच भरावा, आणि पाऊस स्थिरावल्यावर त्या उंचवट्यावर झाड लावावे. कलमाचा जोड मातीच्या बराच वर राहिला पाहिजे. मूठभर वाळू मिसळून भारी माती सुधारत नाही. तिला वर्षानुवर्षे सेंद्रिय खतच हलके करते. कुंडीत निव्वळ काळी माती भरू नये. माती, कंपोस्ट आणि जाड वाळू किंवा बारीक मुरूम समभाग घ्यावेत.

वर्षभराची निगा

लिंबूवर्गीय झाडाला दुहेरी आळे करावे. खोडाभोवतालचे आतले आळे कोरडे ठेवून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत बोर्डोमलम लावावा. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी हे त्याचे रूढ प्रमाण. एका झाडासाठी त्याच हिशोबाने थोडाच करावा. मोरचूद व चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत, धातूचे भांडे वापरू नये. उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे.

अंगणातील झाड एकट्याचे नसते

संत्र्याच्या कोवळ्या फुटीवर बसणारी सायला कीड ग्रीनिंग या असाध्य रोगाचा प्रसार करते. हीच कीड गोडनिंब आणि कामिनी यांवरही वाढते. म्हणजे घरामागील दुर्लक्षित झुडूप शेजारच्या बागायतदाराच्या उत्पन्नाला धोका ठरू शकते. नवी पालवी येताच पाने उलटून पाहावीत आणि किडीने ग्रासलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. पिवळेपणा वाढतच गेला तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा किंवा स्थानिक उद्यानविद्या विभागाचा सल्ला घ्यावा. माती लोधीखेड्याची काळी असो वा गोव्याची तांबडी, रोपवाटिकेत जाण्यापूर्वी आपल्या अंगणात मुसळधार पावसानंतर पाणी किती वेळ थांबते, हे एकदा घड्याळ लावून पाहावे. झाडाची निवड त्यानंतर करावी.