पाचवा स्वरगट : समलिंगी गायकवृंदांच्या आरंभाची कथा

२७ नोव्हेंबर १९७८, सोमवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये महापौर जॉर्ज मोस्कोनी आणि नगरमंडळाचे सदस्य हार्वे मिल्क यांची गोळ्या झाडून हत्या झाली. मारेकरी डॅन व्हाइट हा त्याच नगरमंडळाचा माजी सदस्य होता. आपले समलिंगी असणे न लपवता कॅलिफोर्नियात निवडून आलेले मिल्क हे पहिले पुरुष.

त्या रात्री हजारो माणसे मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रो या वस्तीतून सिटी हॉलपर्यंत चालत गेली. तेथील पायऱ्यांवर पुरुषांच्या एका गायकवृंदाने मेंडेल्सनचे स्तोत्र गायिले. या वृंदाची पहिली तालीम बरोबर चार आठवड्यांपूर्वी, ३० ऑक्टोबरला झाली होती. एकही जाहीर कार्यक्रम अद्याप झालेला नव्हता. त्यांचे पहिले जाहीर गायन हे असे, शोकाकुल जमावासमोर झाले.

वृंदाचे नाव होते ‘सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस’. त्यातील ‘गे’ या शब्दाला तेव्हा किती किंमत मोजावी लागे, हे समजण्यासाठी त्या दिवसांतील एक सार्वमत आठवावे लागते. ‘प्रपोझिशन ६’ हा प्रस्ताव संमत झाला असता, तर कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांतील समलिंगी शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. मतदान ७ नोव्हेंबरला होते, म्हणजे पहिल्या तालमीनंतर आठच दिवसांनी. वृंदाचे संस्थापक जॉन सिम्स यांनी स्वतः शाळेत संगीत शिकवले होते! मिल्क यांनी या प्रस्तावाविरुद्ध राज्यभर रान उठवले. मतदारांनी तो फेटाळला. त्यानंतर तीन आठवडेही मिल्क जगले नाहीत.

हा वृंद पहिलाच, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. फिलाडेल्फियात कॅथरीन रोमा यांनी १९७५ सालीच ‘ॲना क्रूसिस’ हा स्त्रियांचा गायकवृंद उभा केला होता. नाव एखाद्या बाईचे वाटते, पण ती शब्दावरची कोटी आहे. पाश्चात्त्य संगीतात पहिल्या ठाशीव मात्रेपूर्वी येणाऱ्या स्वरांना ‘ॲनाक्रूसिस’ म्हणतात. आपल्या भाषेत, समेपूर्वीचा उठाव. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली निघालेल्या पुरुषांच्या वृंदाने दोन वर्षांत स्त्रियांनाही सामावून घेतले आणि ‘स्टोनवॉल कोराल’ हे नाव धारण केले. या चळवळीचा इतिहास केवळ पुरुषांचा म्हणून सांगणे स्त्रियांवर अन्याय करणारे आहे.

तरीही देशभर ठिणगी पडली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या वृंदामुळे. १९८१ साली तो अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. जून महिन्यात राजधानीतील केनेडी सेंटरमध्ये त्याचे गायन झाले आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनचा स्वतःचा वृंद जन्मला. पुढे अशा वृंदांची ‘गाला’ ही संघटनाही उभी राहिली.

पण त्याच जून महिन्याच्या ५ तारखेला अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली होती. पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या साथीची ती पहिली अधिकृत नोंद. तालमींतील जागा रिकाम्या होऊ लागल्या. सोबत्यांच्या स्मृतिसभांत गाणे हे वृंदाचे नेहमीचे काम होऊन बसले. सिम्स यांनाही १९८४ साली याच रोगाने गाठले.

१९९३ साली छायाचित्रकार एरिक ल्यूस यांनी या वृंदाचे एक छायाचित्र टिपले. त्यात सात जण पांढऱ्या वेशात, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे आहेत. उरलेले ११५ काळ्या वेशात, पाठमोरे. ‘एवढे सातच वाचले’ अशा मथळ्याने हे चित्र आजही फिरते. वास्तविक ते पाठमोरे गायकही जिवंतच होते. मूळ वृंदातील हयात असलेले ते सात, आणि नव्याने आलेले बाकीचे, गेलेल्यांच्या जागी उभे राहिलेले.

पुढे मृतांचा आकडा ३०० च्या वर गेला. पुरुषांच्या वृंदात सामान्यतः चार स्वरगट असतात: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास. सॅन फ्रान्सिस्कोचा वृंद आपल्या दिवंगत गायकांना पाचवा स्वरगट म्हणतो.