भट्टी, राख आणि माझी घाई

अंगणात पिझ्झाची भट्टी बांधली आणि तिसऱ्याच दिवशी मोठा जाळ लावला. विटांमधल्या ओलीची वाफ झाली, घुमटाला तडा गेला. चूक माझीच, आधी बरेच दिवस छोटे जाळ करून भट्टी सुकवायची असते.

तेव्हा पॉम्पेई आठवलं. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ते गाव गाडलं गेलं. तिथल्या काही घुमटी भट्ट्या आजही उभ्या आहेत. एकीत ८१ पाव सापडले, कोळसा झालेले. आत सरकवलेले ते पाव बाहेर काढलेच गेले नाहीत.

आणि रोमन काँक्रीट घट्ट झालं तेही अशाच राखेनं; चुन्यात मिसळायची ती राख जवळच्या पोत्सुओलीची. माझा ओटा मात्र साध्या सिमेंट-काँक्रीटचा.

घुमट उतरवलाय. या वेळी पहिला जाळ मूठभर काटक्यांचाच.