मेक्सिको आमच्या स्वयंपाकघरात

दसऱ्याला लेकीनं फर्मान काढलं, "बाबा, यंदा मेक्सिकन पार्टी!" आई कडाडली, "परक्या मुलखाचं काही या घरात नको."

म्हटलं, आधी यादी तर करू. मिरची? भोकरदनची घरात होतीच. मका, टोमॅटो? मंडईतून आले. सजावटीला झेंडू? तो सकाळपासून दारावर तोरण होऊन डोलत होता. आणि ही सगळी मंडळी तिकडचीच! १४९२ साली कोलंबस निघाला काळी मिरी शोधायला. हाती लागली मिरची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याकडं आणली आणि आपण तिला मिरीच्या नावावर घरात घेतलं. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी मिरचीचा ठेचा नव्हता! आईनं कानांवर हात ठेवले.

मक्याच्या पोळ्या मात्र तुटायला लागल्या. मी विद्वत्ता पाजळली, "मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात. त्यानं पीठ धरून राहतं."

"या वयात मला चुना लावू नकोस," म्हणत आईनं पदर खोचला. कढत पाण्यात पीठ मळून भाकऱ्या थापल्या. एकही तुटली नाही.

रात्री पाहुण्यांनी ठेचा 'साल्सा' म्हणून चाटूनपुसून खाल्ला. आई खुशीत म्हणाली, "चारशे वर्षं घरात राहिलं, ते परकं कसलं?"

आमची ही गोव्याची. ताटं उचलता उचलता हळूच म्हणाली, "मला पंचवीसच झालीत."

आईनं पहिल्यांदाच तिच्या हातातली ताटं घेतली.