‘नोड’ कुणाचं?

२०१४ सालची एक रात्र सांगतो. लॅपटॉपवर नवाकोरा उबुंटू १४.०४ टाकला होता आणि मला नोड.जेएस हवं होतं. इन्स्टॉल काय, झोपेतही करतो आपण! ‘नोडजेएस’ पॅकेज उतरलं, एकही एरर नाही. पण कुठलंही टूल चालवलं की एकच उत्तर: ‘नोड’ नावाची फाईलच नाही. काढलं, परत टाकलं. पाथ तपासला, परमिशन बदलल्या. पहाटेचे तीन वाजले. सकाळी डेमो.

घोळ जुना होता. रायन डालने नोड.जेएस आणलं २००९ मध्ये. पण डेबियनमध्ये ‘नोड’ नावाचा प्रोग्राम त्याआधीपासूनच होता, हॅम रेडिओवाल्यांचा. हे हौशी लोक रेडिओलहरींवरून डेटाची पॅकेट्स पाठवतात. एका स्टेशनवरून पुढच्या स्टेशनला जोडून देणं हे त्या प्रोग्रामचं काम. त्यांच्या कॉन्फिग फायलींत तेच नाव लिहिलेलं. नाव बदललं, तर दूर कुठेतरी एकटंच चालणारं स्टेशन अपग्रेडनंतर मुकं व्हायचं. मला तर त्यांचं म्हणणं रास्तच वाटतं. इकडे जावास्क्रिप्टवाल्यांच्या ढीगभर स्क्रिप्ट्सच्या पहिल्याच ओळीत ‘नोड’!

डेबियनचा नियम असा: वेगळं काम करणाऱ्या दोन प्रोग्रामना एकच नाव चालत नाही. एकाने बदलायचं, एकमत नाही झालं, तर दोघांनीही. अगदी शाळेतल्या बाईंसारखं! २०१२ मध्ये टेक्निकल कमिटीने तेच केलं. रेडिओवाला झाला ‘एएक्स२५-नोड’, दुसरा ‘नोडजेएस’. जुन्या नावाची सोय ‘नोडजेएस-लेगसी’ या वेगळ्या पॅकेजात. उबुंटू डेबियनवरच उभं, त्यामुळे हा निवाडा थेट माझ्या लॅपटॉपवर आला.

आणि हे सगळं नोडच्या स्वतःच्या इन्स्टॉलेशन सूचनांत लिहिलेलं होतं. थकून शेवटी ते पान उघडलं, तर रेडिओच्या प्रोग्रामशी नाव भिडतं हे तिथे सरळ सांगितलेलं. दोन मिनिटांचं काम, आणि मी रात्रभर माझाच पाथ तपासत बसलेलो. त्याच पानावर इंटरनेटवरची स्क्रिप्ट थेट रूट अधिकाराने चालवायचाही एक मार्ग होता. तो मला आजही पटत नाही. स्क्रिप्ट आधी उघडून वाचतो, मगच चालवतो.

२०१३ मध्ये डॉकर आलं, तेव्हाही तीच गत. ‘डॉकर’ नावाचं पॅकेज आधीच होतं, स्क्रीनच्या कोपऱ्यातले छोटे आयकॉन सांभाळणारं. म्हणून कंटेनरवालं तिथे ‘डॉकर.आयओ’ झालं. डॉकरच्या उबुंटूसाठीच्या सूचना आजही आधी असली पॅकेजेस काढायला सांगतात, ‘डॉकर.आयओ’सकट. नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

‘नोड’चं पुढे काय झालं? २०१७ मध्ये कमिटीने निवाडा मागे घेतला आणि नाव जावास्क्रिप्टकडे गेलं. माझा डेमो त्या सकाळी झाला, डोळे तांबारलेले.