काइफेंगचा वेढा आणि आठ औषधींचा एक काढा

इ.स. १२३२ चा वसंत. उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या जुर्चेनांच्या जिन घराण्याची राजधानी काइफेंग मंगोल सैन्याच्या वेढ्यात सापडली होती. मंगोलांचा सेनापती होता सुबुताई. जिन सैनिक तटावरून दारूने ठासलेले लोखंडी गोळे शत्रूवर सोडत. ‘आकाश हादरवणारा गडगडाट’ असे त्या गोळ्यांचे नाव होते. सुमारे सोळा दिवस-रात्र हल्ला चालला, मग तहाची बोलणी झाली आणि मंगोल मागे हटले. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. खरा संहार मात्र त्यानंतर सुरू झाला.

वेढा उठल्यावर घरोघर माणसे आजारी पडू लागली. ताप, ग्लानी, अंगदुखी, अन्नावरची वासना उडालेली. त्या काळी शहरात असलेला एक वैद्य लिहितो की, आजारी न पडलेला माणूस दहा हजारांत एखाददुसराच सापडला असता. काइफेंगला बारा दरवाजे होते. प्रत्येक दरवाजातून रोज किमान एक हजार आणि कधी कधी दोन हजार प्रेते बाहेर जात, आणि हा क्रम जवळजवळ तीन महिने चालला, असे त्याचे म्हणणे आहे.

गुणाकार केला तर रोज १२,००० ते २४,००० मृत्यू, आणि तीन महिन्यांत दहा लाखांहून कितीतरी अधिक. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे. परंतु पुढे चौदाव्या शतकात सिद्ध झालेला जिन घराण्याचा अधिकृत इतिहासही पन्नास दिवसांत नऊ लाखांहून अधिक मृतदेह दरवाजांबाहेर गेल्याचे नोंदवतो, आणि ज्यांच्या दफनाचीही ऐपत नव्हती ते गरीब यात मोजलेले नाहीत, असेही सांगतो. आसपासच्या मुलखातून आश्रयाला आलेल्या लोकांनी शहर तुडुंब भरलेले होते. नेमका आकडा काहीही असो, काइफेंगवर कोसळलेले संकट मध्ययुगातील मोठ्या नागरी संहारांपैकी एक होते, याविषयी शंका उरत नाही.

दरवाजांची ही मोजदाद करणाऱ्या वैद्याचे नाव ली गाओ. चिनी वैद्यकाच्या इतिहासात तो ली दोंगयुआन या नावाने अधिक परिचित आहे.

ली गाओचा जन्म ११८० मधला, आजच्या हपेइ प्रांतातील झेंगदिंगचा. घराणे गडगंज श्रीमंत. वैद्यकीकडे तो पोटासाठी वळला नाही. त्याची आई आजारी पडली तेव्हा पैशाला तोटा नव्हता, म्हणून एकामागून एक वैद्य बोलावले गेले. एकाने उष्ण औषध दिले, दुसऱ्याने शीत, तिसऱ्याने आणखी काही निराळेच. आई गेली, आणि ती कोणत्या रोगाने गेली हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता आले नाही. आपण वैद्यक जाणत नव्हतो म्हणून आईला गमावले, ही खंत मनात घेऊन ली गाओ यीझोउच्या झांग युआनसू या ख्यातनाम वैद्याकडे गेला आणि भरघोस गुरुदक्षिणा देऊन त्याचा शिष्य झाला.

शिक्षण झाल्यावरही त्याने दवाखाना थाटला नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे सरकारी खजिन्यात भरणा करून त्याने जियुआन येथे करवसुलीवर देखरेख करण्याचे पद मिळवले. तेथे १२०२ मध्ये चेहरा भयंकर सुजवणारी एक साथ आली. स्थानिक वैद्य रेचकांवर रेचके देत होते आणि रोगी मरत होते. ली गाओने त्यावर वेगळा पाठ योजला. लोकांनी तो रस्तोरस्ती लावला आणि पुढे दगडावर कोरून ठेवला, असे परंपरा सांगते. रोग ओळखण्यात चूक झाली की औषध हेच विष ठरते, हा धडा त्याला आईच्या मृत्यूने दिला होता, आणि जियुआनला तो दुसऱ्यांदा मिळाला. मंगोल स्वाऱ्या वाढल्या तेव्हा गाव सोडून तो राजधानीत आला आणि तेथे मोठ्या अधिकाऱ्यांचा विश्वासू वैद्य बनला. १२३२ साल उजाडले तेव्हा तो काइफेंगमध्येच होता.

वेढ्यानंतर शहरातील वैद्यांनी काय केले, हे समजण्यासाठी एका ग्रंथाचा महिमा ध्यानात घ्यावा लागतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस झांग झोंगजिंगने थंडीच्या आघाताने होणाऱ्या तापांवर ‘शांगहान लुन’ हा ग्रंथ रचला. सोंग दरबाराने १०६५ मध्ये तो शुद्ध करून छापवला आणि त्यानंतर त्याची प्रतिष्ठा वाढतच गेली. ताप म्हणजे बाहेरून शरीरात शिरलेला शत्रू. त्याला घामावाटे किंवा जुलाबावाटे बाहेर हाकलायचे. काइफेंगच्या वैद्यांनी तेच केले. कोणी घाम काढणारी औषधे दिली, कोणी जमालगोटा दिला, कोणी रेवाचिनीचा जहाल काढा पाजला. रोग्याच्या छातीत गाठ धरल्यासारखे होई, अंग पिवळे पडे, आणि त्यावर वैद्य पुन्हा रेचक देत. यातून कोणी वाचले नाही, असे ली गाओ नोंदवतो. मुळात जो आजार थंडीचा नव्हता, तो चुकीच्या उपचारांनी थंडीच्या आजारासारखा दिसू लागला, आणि हे पाप औषधांचे होते, असा त्याचा स्पष्ट आरोप आहे.

मग आजार होता तरी कोणता? ली गाओचा युक्तिवाद सरळ आहे. इतकी माणसे एकाच वेळी वाऱ्याने आणि थंडीने कशी बाधतील? या लोकांनी दिवसच्या दिवस अर्धपोटी काढले होते. जागरण, पहारा, ओझी वाहणे, भीती आणि जिवलगांचे मृत्यू यांनी ते पिचून गेले होते. आणि वेढा उठताच, रिकाम्या पोटांची सवय झालेल्या त्या माणसांनी मिळेल ते भरपेट खाल्ले. शत्रू बाहेरून आत आलाच नव्हता. आतले कोठारच रिते झाले होते. असाच प्रकार त्याआधी दोंगफिंग, थाइयुआन आणि फेंगशियांग या शहरांतही वेढ्यांनंतर घडला होता, याची आठवण तो करून देतो.

यातून त्याने रोगांचे दोन भाग पाडले: बाहेरच्या आघाताचे आणि आतल्या क्षयाचे. दोन्हींत ताप असतो, म्हणूनच घोटाळा होतो. तो टाळण्यासाठी त्याने दिलेल्या खुणा कोणत्याही वैद्याला रोग्याच्या उशाशी बसून तपासता येतील अशा आहेत. बाहेरच्या आघातात हाताचा पाठचा भाग तापतो आणि तळवा तसा राहतो. आतल्या क्षयात तळवा तापतो, पाठचा भाग नाही. बाहेरच्या रोगात आवाज जड पण जोरकस असतो, तर आतल्या रोगात माणसाला बोलण्याचाच कंटाळा येतो आणि शब्द अर्ध्यावर विरतात. आज तापमापक हाती असलेल्याला या खुणा भाबड्या वाटतील. पण ज्या शहरात प्रत्येक तापकऱ्याला जमालगोटा दिला जात होता, तेथे तळवा चाचपून पाहणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

आणि मग तो काढा. ‘बू झोंग यी छी थांग’, म्हणजे मध्याला भरून काढणारा आणि छी वाढवणारा काढा. ‘मध्य’ म्हणजे प्लीहा आणि जठर. चिनी वैद्यकात प्लीहा हे केवळ एका इंद्रियाचे नाव नाही, तर अन्नाचे शक्तीत रूपांतर करणारी सगळी यंत्रणा त्या शब्दात येते. ‘छी’ म्हणजे त्या अन्नातून उपजणारे चैतन्य.

औषधी आठच. अग्रभागी हुआंगछी हे मूळ. सोबत जिन्सेंग, बाइझू नावाचे कंदमूळ आणि भाजलेले ज्येष्ठमध. रक्तासाठी दांगग्वेइ. पौष्टिक औषधे पोटात साचून राहू नयेत म्हणून संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळलेली साल. आणि शेवटी शंगमा व छायहू या दोन मुळ्या, अगदी चिमूटभर. या दोन मुळ्यांतच ली गाओचे वेगळेपण आहे. शक्ती देणारी औषधे त्याच्या आधीही होती. पण थकलेल्या माणसाची छी केवळ कमी झालेली नसते, ती खाली घसरलेली असते, असे त्याचे मत होते. म्हणून तिला भरायचे आणि वर उचलायचेही. पुढच्या काळात गुदभ्रंश आणि गर्भाशय खाली सरकणे यांसारख्या तक्रारींवर हा काढा वापरला गेला, तो याच कल्पनेमुळे.

मात्राही पाहण्यासारखी आहे. मुख्य औषध हुआंगछी एक छियन, म्हणजे सुमारे चार ग्रॅम, आणि बाकीची बहुतेक औषधे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची. दोन पेले पाण्यात उकळून एक पेला उरवायचा, आणि जेवणापासून दूर अशा वेळी गरम गरम प्यायचा. दुबळ्या जठरावर औषधाचाही भार नको, हा विचार त्यामागे दिसतो. नंतरच्या वैद्यांनी या मात्रा पुष्कळ वाढवल्या.

तापलेल्या रोग्याला गोड, उष्ण औषधे द्यायची, हे त्या काळी आगीत तेल ओतण्यासारखे वाटत होते. ली गाओचे उत्तर ‘यिन-अग्नी’च्या सिद्धांतात आहे. मधली शक्ती खचली की खालचा अग्नी बेताल होऊन वर चढतो, आणि हा अग्नी मूळ शक्तीचा चोर असतो. चोराला मारत बसू नये, घरधन्याला सबळ करावे, म्हणजे ताप आपोआप उतरतो. मराठी वाचकाला येथे जठराग्नी आठवेल, पण साम्य फार ताणू नये. आयुर्वेदात अग्नी हाच पचनाचा कर्ता आहे आणि तो मंदावणे हा रोग. ली गाओचा अग्नी उलट आहे, मध्य मंदावल्यावर माजणारा.

या काढ्याने काइफेंग वाचवले, अशी गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ती गोड आहे, पण ली गाओने मांडलेला हिशोब मृतांचा आहे. वेढ्यानंतर तो शहराबाहेर पडला, सोबत विख्यात कवी युआन हाओवेन होता, आणि दोघांनी ल्याओचेंग व दोंगफिंग येथे निर्वासितांचे दिवस काढले. १२३४ मध्ये जिन घराणेच संपले. अंतर्बाह्य रोगांचा भेद सांगणारे त्याचे लिखाण सोळा वर्षे नुसते पडून होते, असे तोच प्रस्तावनेत सांगतो. ते पूर्ण झाले १२४७ मध्ये, आणि काढ्याचा पाठ त्यात आहे. दोन वर्षांनी ‘फीवेइ लुन’ हा प्लीहा-जठरावरचा ग्रंथ आला. त्याच्या प्रस्तावनेत युआन हाओवेननेही तीच तक्रार केली आहे: उपासमार आणि श्रमांनी मेलेल्या लाखो लोकांना थंडीच्या तापाचे बळी समजले गेले.

ली गाओचे निदान बरोबर होते का? काइफेंगची साथ प्लेगची असावी, असा तर्क काही आधुनिक इतिहासकारांनी मांडला आहे. त्याला निर्णायक पुरावा नाही, पण इतक्या वेगाने पसरलेल्या आजारात संसर्ग नसेल हे पटणे अवघड आहे. १६४२ मध्ये वू योउशिंगने साथींमागे एक विशिष्ट दूषित छी असते आणि ती नाकातोंडावाटे शिरते, असा सिद्धांत मांडला. त्या दृष्टीने पाहिले तर ली गाओने कारण चुकीचे ठरवले असे म्हणता येईल. परंतु उपासमारीने खंगलेल्या शरीराला जुलाब देणे म्हणजे त्याचा जीव घेणे, हे त्याचे निरीक्षण मात्र अचूक होते. संसर्ग कोणताही असो, भुकेने त्याची वाट मोकळी केली होती.

वृद्धपणी शिष्याच्या शोधात असताना लुओ थियानयी त्याच्याकडे आला. पैसे कमावणारा वैद्य व्हायचे आहे की विद्या पुढे नेणारा, असे ली गाओने विचारले. तीन वर्षांनी, शिष्याचे घर गरिबीने डळमळते आहे हे पाहून, त्याने त्याला वीस ल्यांग चांदी दिली. १२५१ मध्ये मृत्यूपूर्वी आपली सगळी हस्तलिखिते त्याच्यासमोर मांडून ती पुढच्या पिढ्यांसाठी सोपवली. लुओने शब्द पाळला. ‘लानशी मीचांग’ हा गुरूचा ग्रंथ त्याने १२७६ मध्ये प्रसिद्ध केला.

मिंग काळात श्युए जी या वैद्याने सकाळी हा काढा आणि संध्याकाळी वृक्कांसाठीची सहा औषधींची गोळी अशी जोडीच रूढ केली. झांग ज्येबिनने काढ्याचे मोल मान्य केले, पण यिन-अग्नीच्या कल्पनेवर कठोर टीका केली. कोरियात तो पोहोचला. जपानमध्ये ताशिरो सान्की आणि मानासे दोसान यांच्या परंपरेतून रुजला आणि ‘वैद्यराजाचा काढा’ म्हणवला गेला. अठराव्या शतकात त्सुदा गेन्सेनने तो कोणाला द्यावा याच्या आठ खुणा लिहिल्या. गळलेले हातपाय, क्षीण आवाज, निस्तेज डोळे आणि अन्नाची चव जाणे या त्यांतल्या काही.

१९७६ मध्ये जपानच्या राष्ट्रीय आरोग्यविम्यात पारंपरिक औषधांचा मोठा संच समाविष्ट झाला आणि हा काढाही दाणेदार चूर्णाच्या पुड्यांत मिळू लागला. एका मोठ्या कंपनीच्या पुड्यांवर त्याचा क्रमांक ४१ आहे. त्यात आले आणि लाल खजुरासारखे फळ धरून दहा औषधी असतात. आजारातून उठलेल्यांना, भूक मंदावलेल्या वृद्धांना आणि दीर्घ थकव्याच्या रोग्यांना तेथील डॉक्टर तो लिहून देतात. त्यातील ज्येष्ठमधामुळे काहींच्या रक्तातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो, अशी सूचनाही त्यासोबत असते.