पेटी नवापूरला उतरत नाही

पिशवीत डबा असो-नसो, पुस्तक असतंच, हा तुमचा जन्माचा शिरस्ता. म्हणून सुरत-भुसावळ लाइनीवर गाडीबाहेरचा काळ उलटा पळायला लागतो तरी तुम्ही बूड हलवत नाही. नवापूर येतं. आज या स्टेशनाचा काही भाग गुजरातेत, उरलेला महाराष्ट्रात. पण बाहेर बघा: साल १९१२, सोनगडकडे गायकवाडी मुलूख आणि अलीकडे इंग्रजांचा पश्चिम खानदेश. सयाजीरावांनी दोनच वर्षांपूर्वी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणलाय. फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या संस्थानातल्या खेड्यांत जातात, वाहतुकीचा खर्चही दरबारचा. तुमच्या तोंडाला पाणी सुटतं. पण दरबारची पेटी दरबारच्या हद्दीपुरती. नवापूरला ती उतरत नाही.

‘इकडे वाचनसंस्कृतीच नाही’ असं पुढे कुणी म्हणालं, तर त्याला आधी या फलाटावर आणून उभं करा.

पुढचा मुक्काम धुळ्याचा तुरुंग. नवापूर आज ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तो मुलूख तेव्हा याच जिल्ह्यातला. रविवार, २१ फेब्रुवारी १९३२. विनोबा गीतेवर बोलायला बसलेत आणि साने गुरुजी भराभर उतरवून घेतायत. ‘गीता प्रवचने’ तुमची कितीदा वाचून झालीय, त्यामुळे विनोबा पुढे काय बोलणार हे तुम्हाला ठाऊक, शेजारच्या कैद्याला नाही. तुम्हाला वाटतं, आपण पुढे आहोत. खरं तर तोच पुढे आहे. त्याला पान उलटायचीही गरज नाही. अठरा अध्याय, अठरा रविवार, १९ जूनला समाप्ती. एवढे दिवस आत राहायची तुमची तयारी नसते, तुम्ही सटकता.

शहादा, १९७२. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आलीय. सालदाराचं साल आखाजीला संपतं नि आखाजीलाच नवं बांधलं जातं, म्हणून हिशेबाची वही बाहेर निघते. सालदाराच्या घरानं आजवर पाहिलेलं पुस्तक हे एवढंच, तेही मालकाच्या ओट्यावर, दुरून. ‘दादा, वाचा एवढं,’ म्हणत सालदार वहीचं पान तुमच्यापुढे धरतो. आयुष्यात कादंबऱ्या रिचवलेले तुम्ही, पण इथे घाम फुटतो. उचल. ज्वारी. लग्नाला दिलेले पैसे. मग खाडे, त्यांची कपात. खाली अंगठा. वर्षभर राबून आकडा कमी व्हायला हवा, तो फुगलाय. तुम्ही मोठ्यानं वाचता, तो प्रत्येक ओळीला मान हलवतो आणि एका ओळीवर म्हणतो, ‘हे मी घेतलं नव्हतं.’ तुमच्या साऱ्या वाचनात एखाद्या ओळीला असं उत्तर कुणी दिलेलं आठवत नाही. (समीक्षकांचं सोडा.)

इथंच, याच सुमारास आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहतेय. आदिवासी नेते अंबरसिंग महाराज गावोगाव हिंडतायत. या चळवळीतले वाहरू सोनवणे पुढे कवी होतात. १९८७ साली त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह येतो. आपलंच दुःख दुसऱ्यानं व्यासपीठावरून आपल्याला सांगावं, यावरची त्यांची ‘स्टेज’ ही कविता वाचताना, वाचनालयांच्या वर्धापनदिनी तुम्ही ठोकलेली भाषणं आठवतात. पटकन पान उलटू नका.

आता पायी. अक्कलकुवा मागे टाकून सातपुडा उतरायचा, तो नर्मदेच्या काठाला, चिमलखेडीला. साल १९९३. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून पाच वर्षं आहेत. सरदार सरोवर धरणाचं पाणी मणिबेली गावापर्यंत आलंय. चिमलखेडीची जीवनशाळा नर्मदा बचाव आंदोलनानं दीड-दोन वर्षांपूर्वी सुरू केली, ‘लढाई-पढाई साथ साथ’ म्हणत. शिकवणारे याच भागातले तरुण. मुलांपुढे त्यांच्याच बोलीतला मजकूर आहे, देवनागरीत.

देवनागरी म्हटल्यावर तुम्ही पुढे सरसावता. एक पोर पान तुमच्या हातात देतं. तुम्ही घडाघडा वाचता: काना, मात्रा, वेलांटी, कुठे चूक नाही. वर्ग खदखदून हसतो. तुम्ही भलत्याच ठिकाणी शब्द तोडलाय, भलत्याच अक्षरावर जोर दिलाय, आणि काय वाचलं याचा तुम्हाला पत्ताही नाही. पोर ओळ पुन्हा म्हणून दाखवतं, सावकाश, एकेका शब्दाखाली बोट ठेवून. तुम्ही त्याच्यामागून म्हणता. पुन्हा हशा.

मास्तर हसू आवरत तुम्हाला पहिलीच्या रांगेत बसायला सांगतात.